थीममध्ये न बसणारा फोटो

मुलानं वारज्याला तीन बेडरूमचं घर घेतलं आणि ताबा मिळाल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे घराची सजावट करायला एक मुलगी नेमली. मला आधी वाटलं, रंगारी असेल. ती रंगारी नव्हती, इंटिरिअर डिझायनर होती, आणि तिच्याकडे एकच रंग होता. त्याला ती रोज निराळं नाव द्यायची. बेज, ग्रेज, सँड, ओट, मशरूम. मी सरकारी कचेरीत अख्खी नोकरी काढली आहे. तिथल्या सगळ्या भिंती ह्याच रंगाच्या होत्या, फक्त आम्ही त्याला मळकट म्हणायचो.

तिच्या ऑफिसात आम्ही तिघं गेलो होतो, मुलगा, सून आणि मी. तिनं मोठ्या पडद्यावर अजून न झालेलं घर फिरून दाखवलं. जपानी आणि युरोपातली कुठलीशी थंडीतली पद्धत एकत्र केली की जपांडी स्टाइल होते, सध्या सगळ्यांना तीच हवी असते, असं तिनं समजावलं. घरात वस्तू कमी ठेवायच्या, ज्या ठेवायच्या त्या साध्या ठेवायच्या आणि भिंती मोकळ्या सोडायच्या. लग्नानंतर पहिली बरीच वर्षं आम्ही नेमकी हीच स्टाइल पाळली होती, पण तेव्हा तिला कुणी नाव दिलं नव्हतं.

टीव्हीच्या मागे उभ्या पट्ट्यापट्ट्यांची लाकडी भिंत येणार होती. त्या पट्ट्यांमधली धूळ कोण पुसणार, असं मी विचारलं. ती हसून म्हणाली, "काकू किती प्रॅक्टिकल आहेत." म्हणजे उत्तर दिलं नाही. स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरना मुठी नव्हत्या, सध्या त्या नसतात म्हणे, बोटानं दाबलं की ड्रॉवर आपणहून बाहेर येतो. पिठाचा हात असला तर काय करायचं, हे मी विचारलं नाही, कारण प्रॅक्टिकलपणाचा माझा कोटा संपला होता. कपाटाच्या दारांना वेताची जाळी होती. आमच्या खुर्च्यांची तीच जाळी फाटली तेव्हा आम्ही प्लास्टिकची पट्टी विणून घेतली होती आणि श्रीमंत झाल्यासारखं वाटलं होतं. आता वेत परत आला होता आणि बराच महाग होऊन आला होता.

हे सगळं मी मजेत बघत होते, असं कुणाला वाटेल. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. बिबवेवाडीची आमची सोसायटी पाडून नवी बांधायचं ठरलं होतं आणि सगळ्यांना घरं रिकामी करायची होती. बिल्डर तीन वर्षं म्हणत होता. माझ्या वयात बिल्डरची तीन वर्षं कायमचीच धरावीत. म्हणजे पडद्यावरच्या ह्या घरातच मला राहायचं होतं, आणि बहुतेक तिथूनच जायचं होतं. सगळ्यात लहान खोली माझी होती. नकाशावर तिचं नाव 'पॅरेंट्स बेडरूम' असं लिहिलं होतं. माझे मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले, त्यामुळे पॅरेंट्समधली मी एकटीच उरले होते.

मुलाला मी एकच अट घातली होती. दारासमोरच्या भिंतीवर आपला फोटो लागेल. तो "हो, बघू" म्हणाला होता.

फोटो म्हणजे निळा कोट, लाल टाय, चष्मा आणि हातात पुस्तक. हा फोटो कुणाचा, हे महाराष्ट्रात सांगावं लागत नाही. आमच्या घरात त्यांना नुसतं बाबा म्हणतात. माझ्या आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली आणि घरातल्या जुन्या देवांना निरोप दिला. तेव्हापासून आमच्याकडे दोघंच, बुद्ध आणि बाबा. सासरीही तसंच. मिस्टर वर्ध्याकडून पुण्याला कारखान्यात लागले, तेव्हा पहिल्या पगाराच्या आठवड्यात मंडईजवळच्या फ्रेमवाल्याकडून त्यांनी हा फोटो करून आणला. भल्या मोठ्या काचेसकट बसमधून मांडीवर घेऊन आले. भाड्याच्या खोलीत तेव्हा स्टोव्हसुद्धा यायचा होता. त्यानंतर आम्ही जितकी घरं बदलली, तितक्या घरांत पहिला खिळा ह्या फोटोचा ठोकला गेला. दूध उतू घालायचं, भांडी लावायची, ते सगळं त्याच्या मागून. आणि भिंत दारासमोरचीच. आत येणाऱ्याला घर कुणाचं आहे ते कळलं पाहिजे, असं मिस्टरांचं म्हणणं होतं.

कळायचं ते कळायचंच. एका घरमालकानं असंच एकदा दारात उभं राहून भिंतीकडे पाहिलं. पाणीसुद्धा घेतलं नाही. दोन दिवसांनी म्हणाला, पुतण्याचं लग्न ठरलंय, खोली लागेल. मिस्टरांनी वाद घातला नाही. खिळा उपटला, भोकात चुना भरला आणि नवी खोली शोधली. तिथेही पहिला खिळा तोच. मला त्यांच्या ह्या स्वभावाचा अभिमान होता. मुलगा तेव्हा पाचवी-सहावीत असेल. त्याला काय वाटलं, हे आम्ही विचारलं नाही. त्या काळी मुलांना असं काही विचारायची पद्धत नव्हती.

वारज्याचं काम निम्म्याच्या पुढे गेलं तेव्हा मुलगा मला बघायला घेऊन गेला. सूनही होती. दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. उंबरा नव्हता, तो आता कुणी करत नाहीत, पण जिथे असायला हवा तिथे थांबले. समोर डाव्या हाताला कमरेइतक्या उंचीचं लाकडी कपाट होतं आणि त्यावर बुद्धाची मूर्ती. करड्या दगडाची, ध्यानस्थ, डोळे मिटलेले. वरून बारीक दिव्याचा पिवळा उजेड बरोबर चेहऱ्यावर पडत होता. घरात सगळीकडे भुसा आणि प्लायवूडचे तुकडे पडले होते, पण ती मूर्ती पुसलेली, स्वच्छ होती.

मला एकदम भरून आलं. हा "बघू" म्हणाला होता आणि न बोलता हे करून ठेवलं होतं. अगदी बापासारखा, बोलायचं नाही, करून मोकळं व्हायचं. मी चपला दाराबाहेर काढल्या, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि त्या भुशात उभी राहून त्रिशरण-पंचशील म्हटलं. सगळं म्हटलं, मध्ये काही गाळलं नाही. मूर्तीच्या मागच्या भिंतीवर फोटोची जागाही मी मनातल्या मनात ठरवून टाकली.

डोळे उघडले तेव्हा डिझायनर माझ्या शेजारी उभी होती. ती कौतुकानं बघत होती.

"काकूंना आवडला वाटतं," ती म्हणाली. "हा आमचा सिग्नेचर पीस आहे. एन्ट्रीला आम्ही सगळ्याच क्लायंट्सना देतो. घरात शिरल्या शिरल्या एकदम काम वाटतं."

हे 'काम' म्हणजे शांत, हे मला सून कानात सांगेपर्यंत कळलं नाही. मग त्या मुलीनं खाली वाकून कपाटाचं दार पुढे ओढलं. ते तिरकं बाहेर आलं. "आणि इथे तुमचे सगळे शूज बसतील. बाहेरून कळतसुद्धा नाही."

मी त्या कप्प्याकडे बघितलं आणि मग वर बघितलं. म्हटलं, "इथे वर गणपती ठेवाल का?"

"गणपती कसा ठेवणार, काकू? खाली चपला आहेत ना," ती म्हणाली.

अगदी सहज म्हणाली. तिच्या बोलण्यात खोट नव्हती. ती कुणाचा अपमान करायला आली नव्हती, घर सजवायला आली होती. तिच्या दृष्टीनं एक देव होता आणि दुसरी शोभेची वस्तू होती, इतकंच. म्हणूनच मला ते जास्त लागलं. तिनं मुद्दाम केलं असतं तर मी तिथल्या तिथे तिला ऐकवलं असतं आणि मोकळी झाले असते.

ती पुढे निघाली. जेवणाच्या टेबलाच्या बाजूला भिंतीत एक कोनाडा होता, पांढराशुभ्र, वर कमान, मागच्या पत्र्यात कोरलेला ओम आणि त्याच्या मागून उजेड. "हे मंदिर. बेल्स अजून यायच्यात." ती मोबाइलवर काहीतरी उघडत माझ्याकडे वळली. "काकू, तुमचे देव कुठले आणि केवढे? मूर्तीची उंची सांगितलीत तर वरचा कप्पा तसा करून घेते."

प्रश्न सरळ होता आणि माझ्याकडे उत्तर तयार होतं. आम्हाला मंदिर लागत नाही बाई, आम्ही बौद्ध आहोत, एवढंच सांगायचं होतं. मी तोंड उघडलं.

"गणपती वगैरे," मुलगा मध्येच म्हणाला. "नॉर्मलच."

तिनं ते लिहून घेतलं. मी मुलाकडे पाहिलं. तो फरशीच्या सांध्यांकडे बघत होता, जणू तिथे काही चुकलं होतं. सून खिडकीशी उभी राहून पडद्याच्या कापडाचे नमुने उलटत होती आणि एकच नमुना परत परत उलटत होती. मी मंदिरासमोरून बाजूला झाले आणि दाराबाहेर जाऊन चपला घातल्या.

गाडीत मी मागे बसले. वारज्याचा पूल आला.

"नॉर्मल म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"आई, तिला मापं हवी होती. तिच्याशी काय डिस्कस करायचंय?"

"मापंच दिली असती. फोटोचं माप मला पाठ आहे."

"फोटो हॉलच्या थीममध्ये बसत नाही. सगळं न्यूट्रल आहे. तो निळा रंग एकदम अंगावर येतो."

"कायले येते अंगावर?" मी म्हटलं. राग आला की माझं वर्धा बाहेर पडतं, इतकी वर्षं पुण्यात राहून ते गेलेलं नाही. "तुझ्या बापाच्या अंगावर नाही आला कधी. माझ्या अंगावर नाही आला. बुद्ध चालतो तुमच्या थीमला, चपलांवर बसवायला चालतो, आणि ज्यांनी तो आपल्याला दिला ते चालत नाहीत."

त्यानं गाडी बाजूला घेतली. आरडाओरडा करणारा मुलगा नाही तो. पुढेच बघत बोलला.

"ती खोली आपण सोडली ना, पुतण्याच्या लग्नाची. मालकाचा मुलगा माझ्या वर्गात होता. आपण का गेलो, ते त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला सांगितलं. तुम्हाला दुसरी खोली मिळाली. मला वर्ग तोच होता."

त्यानं इंजिन बंद केलं.

"ऑफिसात जेवताना मेरिटवरून जोक होतात. कोण कशावर लागलं, कुणाला किती मार्कांवर ॲडमिशन मिळाली, असले. माझ्या शेजारी बसतो तो हसतो. मीही हसतो. हसलो नाही तर कळेल. माझ्या आडनावावरून कळत नाही, म्हणून ते माझ्यासमोर बोलतात. उद्या घरी येतील. दारातून आलेला माणूस आधी त्या भिंतीकडे बघेल आणि मग माझ्याकडे बघेल. मला एकदा तरी आधी माझ्याकडे बघितलेलं हवंय, आई."

बाबांनी तो कोट लपून बसायला घातला नव्हता, असं वाक्य माझ्या ओठावर आलं होतं. ते मी गिळलं. चांगलं वाक्य होतं, सभेत टाळ्या पडल्या असत्या. पण गाडीत माझा मुलगा होता आणि त्याला मी पाचवीपासून काही विचारलेलं नव्हतं. मला राग आला होता, वाईट वाटत होतं, आणि दोन्हींचं काय करायचं ते कळत नव्हतं. सून मान वळवून बाहेरची रहदारी बघत होती.

"माझ्या खोलीत लावा," मी शेवटी म्हटलं. त्यानं गाडी सुरू केली.

तर असा तो फोटो पॅरेंट्स बेडरूममध्ये गेला. माझ्या खोलीच्या भिंती साध्या होत्या, तिथे पट्ट्या नव्हत्या आणि मागून वायरी गेलेल्या नव्हत्या, त्यामुळे भोक पाडायला हरकत नव्हती. घरात राहायला गेलो त्या सकाळी आम्ही तिघांनी पांढरे कपडे घालून माझ्या खोलीत वंदना घेतली. पलंग आणि कपाट ह्यांच्या मधल्या जागेत तिघं जेमतेम मावलो. मुलानं मेणबत्ती लावली, हात जोडले, सगळं नीट केलं. त्याच्या मनात श्रद्धा नव्हती असं मी कधीच म्हणणार नाही. खोलीच्या आत ती होती.

त्याच दिवशी सुनेनं दारातला बुद्ध दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या खोलीत आणून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. कुणाला विचारलं नाही. चपलांच्या कपाटावर तिनं मनीप्लांटची कुंडी ठेवली. मुलानं विचारलं, मूर्ती कुठे गेली? "प्लांट्सचाही ट्रेंड आहे," ती म्हणाली आणि कामाला लागली. ती मुलगी फार बोलत नाही, पण त्या दिवसापासून मी तिच्या भाजीतल्या मिठाबद्दल बोलणं सोडलं.

मंदिराचं काय करायचं, हे कुणालाच ठरवता येईना. तिथे आधी काही पुस्तकं आली, मग वायफायचा डबा आला. देव नसलेल्या त्या मंदिरात संध्याकाळी तो डबा लुकलुकत असायचा. येणाऱ्यांपैकी कुणी विचारलंच तर मुलगा "अजून मूर्ती ठरवतोय" म्हणायचा. लोकांना ते पटायचं. आजकाल मूर्तीसुद्धा घराच्या रंगाशी जुळणारी शोधतात.

घर छान होतं, खोटं कशाला बोलू. ड्रॉवर आवाज न करता बंद व्हायचे. संध्याकाळी छताच्या कडेचे दिवे लागले की सगळं मऊ दिसायचं. मी मात्र तिथे पाहुण्यासारखी राहत होते. दाराची बेल वाजली की माझ्या खोलीचं दार ओढून घेतलं जायचं. आधी मुलगा ओढायचा, "एसी चालू आहे आई" म्हणत. पुढे पुढे बेल वाजली की मीच उठून ओढू लागले. कुरिअरवाला आला तरी ओढायची. एकदा आतून ओढून घेतलं आणि फोटोखाली उभी राहिले, तेव्हा मला मिस्टरांची इतकी आठवण आली की पलंगावर बसून रडले. ते असते तर त्यांनी काय केलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं. पण ते मुलाशी ह्यावरून भांडले असते, आणि ते भांडण मला नको होतं. दोन्ही खरं होतं.

मग मुलानं ऑफिसच्या लोकांना जेवायला बोलावलं. रविवारी दुपारी. सात-आठ जण आले, काही जोडीनं. मी भरली वांगी, मसालेभात आणि खीर केली होती. आल्या आल्या सगळ्यांनी घर बघितलं. आता घर बघणं म्हणजे मोबाइल पुढे धरून चालणं असतं. एक मुलगी प्रत्येक खोलीत स्वतःशीच बोलत फिरली. पट्ट्यांच्या भिंतीला सगळ्यांनी हात लावून बघितला. "जपांडी ना?" असं एकानं विचारलं आणि बरोबर निघाल्यावर तो खूश झाला. मुलगा पुढे पुढे दाखवत होता. "हे किचन, ही आमची बेडरूम, ही स्टडी." माझ्या खोलीशी आल्यावर "ही आईची" म्हणाला आणि बंद दारावरून सगळ्यांना बाल्कनीकडे घेऊन गेला.

त्यातला एक उंच, सावळा, तीन वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन आला होता. मुलाच्या शेजारी बसणारा तो हाच, हे नाव ऐकल्यावर मला कळलं. त्याच्या गोष्टी घरात नेहमी निघायच्या. जेवणाच्या टेबलावर हसणारा तोच. मी त्याला पाणी दिलं, पण माझ्या मनात त्याच्याबद्दल काही बरं नव्हतं. पानं मांडेपर्यंत त्याची मुलगी खांद्यावरच झोपली. मुलाच्या बेडरूममध्ये सगळ्यांच्या पर्सेस आणि पिशव्या पडल्या होत्या, स्टडीत पलंग नव्हता.

"काकू, हिला कुठे टाकू?" त्यानं मला विचारलं.

झोपलेलं पोर घेऊन उभ्या असलेल्या बापाला काय सांगणार? मी माझ्या खोलीचं दार उघडलं. मुलगा हॉलमधून बघत होता. तो भरभर आत आला, हातात उशी घेऊन, जणू उशी द्यायलाच निघाला होता.

त्या माणसानं मुलीला हळूच पलंगावर ठेवलं, तिच्या अंगावर माझी चादर घातली आणि सरळ झाला. समोर भिंत होती. तो बघत राहिला. मग खिडकीच्या कट्ट्याकडे त्याची नजर गेली आणि परत भिंतीवर आली. मी मनातून तयार झाले. म्हटलं, आता ह्यानं तोंड वाकडं केलं तर मी गप्प बसणार नाही, मुलाला काय वाटायचं ते वाटो.

त्यानं हात जोडले. फोटोला जोडले आणि मग माझ्याकडे वळला.

"जय भीम, काकू," तो हळू आवाजात म्हणाला.

"जय भीम," मी म्हटलं. तोंडून आपोआप आलं. मग मला कळलं, काय झालं ते.

मुलगा दाराशी उशी धरून उभा होता. दोघं एकमेकांकडे बघत होते.

"तू?" मुलगा म्हणाला.

"हो. मी अकोल्याचा. तुला माहीत होतं ना अकोला?"

"अकोला माहीत होतं."

बाहेर कुणीतरी ताटं मोजत होतं. मग त्या माणसानं भिंतीकडे मान केली. "हॉलमध्ये नाही लावलास?"

"थीममध्ये बसत नव्हता."

"माझ्याकडेपण नाही बसला," तो म्हणाला. "माझ्याकडे कपाटाच्या आत आहे. दार उघडलं की दिसतो."

आणि दोघं हसायला लागले. पोरगी उठेल म्हणून तोंडावर हात ठेवून, वाकून, कॉलेजातली मुलं हसतात तसे हसले. मला हसू आलं नाही. मी बाजूला उभी राहून बघत होते. एकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते हसण्याचं होतं की नाही ते मला कळलं नाही.

"ते मेरिटचे जोक," मुलगा म्हणाला, हसू ओसरल्यावर. "तू हसायचास."

"तू हसायचास म्हणून," तो म्हणाला.

"मी तू हसायचास म्हणून."

त्यानंतर कुणी हसलं नाही. त्या माणसानं मुलीच्या पायावरची चादर परत नीट केली, ती नीटच होती. मुलानं उशी तिच्या कडेला लावली. "जेवायला चला, भात निवतोय," मी म्हटलं. दोघं बाहेर गेले, आधी एक आणि जरा वेळानं दुसरा. बाहेर जेवताना ते एकमेकांच्या शेजारी बसले नव्हते. पण त्या माणसानं खीर तीनदा मागून घेतली आणि मी वाढताना माझ्याकडे असं बघितलं की मला त्याच्याबद्दल जे वाटलं होतं त्याची लाज वाटली.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मुलगा माझ्या खोलीत आला आणि पलंगाच्या कडेला बसला. बराच वेळ फोटोकडे बघत होता.

"इतकी वर्षं, आई," तो म्हणाला. "रोज एकाच टेबलावर. त्याचा डबा मला माहीत आहे, त्याच्या बायकोचं ऑपरेशन माहीत आहे. आम्ही दोघं एकमेकांना घाबरून हसत होतो."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्यातलं त्याला न कळलेलं काही नव्हतं. माझ्या मनात त्या क्षणी आनंद नव्हता. दोन शहाणी, शिकलेली माणसं, स्वतःच्या हिमतीवर उभी राहिलेली, आणि जेवताना घास घशाखाली घालायला दोघांना स्वतःवर हसावं लागत होतं. मला चीड आली, ती मुलाची नव्हती. कुणाची, हे मला नीट सांगता येत नाही.

सकाळी मी स्वयंपाकघरात होते. मुलगा हॉलमध्ये फोनवर बोलत होता. हॉलच्या भिंतींमागून वायरी गेल्यात, मला विचारल्याशिवाय ड्रिल मारायचं नाही, असं डिझायनरनं बजावून ठेवलं होतं. त्यामुळे त्यानं तिलाच फोन लावला होता.

"दारासमोरच्या भिंतीवर एक फोटो लावायचाय," तो सांगत होता. "मोठा आहे. नाही, पेंटिंग नाही, फोटो."

पलीकडून तिनं विचारलं असावं, कुणाचा. त्यानं सांगितलं. आधी डॉक्टर लावून, मग पूर्ण नाव, मधल्या वडिलांच्या नावासकट. तसं नाव आमच्या घरात फक्त जयंतीच्या दिवशी माइकवर घेतलं जातं.

मग तो थोडा वेळ ऐकत होता. मी गॅस बारीक केला.

"नाही, गिफ्ट नाही आलेला," तो म्हणाला. "आमचाच आहे. वडिलांनी आणलेला." परत जरा थांबला. "हो. आम्ही बौद्ध आहोत."

बाहेरच्या माणसाशी बोलताना हे वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. माझा मुलगा आता चाळिशीला आला आहे.